वरनं उचललेला न्यूट्रल

हरतालिकेच्या आदल्या संध्याकाळी आईनं जिन्यातल्या दिव्याचं बटण दाबलं आणि आमच्या घरातली सगळी लाइट गेली. पंखा दमत दमत थांबला, फ्रिजनं एक उचकी दिली, टीव्हीवरचा बातम्यावाला वाक्याच्या मध्येच नाहीसा झाला. खिडकीतून पाहिलं तर समोरच्यांकडे लख्ख, रस्त्यावरचे दिवे लख्ख. म्हणजे गेलीय ती आपलीच. वरच्या मजल्यावरही उजेड होता. चुलत दादा-वहिनी तासाभरापूर्वीच गणपतीसाठी पुण्याहून आले होते आणि त्यांच्या बॅगेची चाकं आमच्या डोक्यावरच्या फळ्यांवरून इकडून तिकडे फिरत होती. आई अंधारात बटणापाशी तशीच उभी. वर बघून म्हणाली, "आले. आता आपल्याकडे अंधारच."

मी मोबाइलच्या उजेडात मीटरपाशी गेलो. आरसीसीबीचा, म्हणजे करंट गळला की लाइट तोडणाऱ्या यंत्राचा, खटका खाली पडला होता. वर केला, तो राहिला. आईनं पुन्हा जिन्यातला दिवा लावला, पुन्हा पडला. तीन वेळा हा खेळ झाला. हे यंत्र बसवून दोन महिने झाले होते. मिक्सरला हात लावला की आईला चिमटा बसायचा, म्हणून आषाढात बसवून घेतलं. दोन महिन्यांत, ऐन पावसात, ते एकदाही पडलं नव्हतं. आणि वर माणसं आली त्याच संध्याकाळी पडलं. आईच्या त्या वाक्याला चाळीस वर्षांचा जुना आंबटपणा होता आणि मी एरवी ते कानाआड केलं असतं. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर लक्षात आलं की ते शब्दशः खरं होतं. ते आले आणि आमच्याकडे अंधार झाला. का?

आमचा वाडा साताऱ्यातला, आता अर्धाच उरलेला. वीज आली ती आजोबांच्या काळात, सगळ्या वाड्याला मिळून एक मीटर आणि चार किटकॅट फ्यूज. त्या काळचं वायरिंग म्हणजे सागवानी केसिंग-कॅपिंग. भिंतीवर लाकडी पट्टी, तिला दोन खाचा, एका खाचेतून करंट आणणारी फेजची तार, दुसरीतून तो परत नेणारी न्यूट्रलची, वरून झाकणाची पट्टी आणि पितळी स्क्रू. सुताराचं कामच जास्त, वायरमनचं कमी. कोपऱ्याकोपऱ्यावर पट्ट्या अशा तिरक्या कापून जुळवलेल्या की अजून त्यात नख जात नाही. त्यावर दर चार-पाच वर्षांनी रंग बसत गेला. आधी चुन्यात नीळ, मग पिस्ता, मग आमच्या लग्नाच्या वेळचा तो भयंकर गुलाबी. लहानपणी आजारी पडलो की मी झोपून त्या पट्टीचा माग काढत असे. मीटरपासून निघाली, देवघरावरून वळली, माजघराच्या तुळईखाली शिरली, जिन्याशी दोन फाटे फुटले, एक फाटा वर गेला. वर म्हणजे काकांकडे. त्या पट्टीला मात्र भिंत मधे आलेली दिसली नाही. वाटणीच्या वेळी भिंत घातली तीही तिला वळसा घालून, पट्टीएवढी खाच सोडून.

जिन्यातला बल्ब हा त्या वेळी चमत्कारच वाटे. दोन बटणं आणि एक दिवा. खाली लावायचा, वर जाऊन विझवायचा. आम्ही चुलत भावंडं एक खाली, एक वर उभं राहून आळीपाळीनं बटणं उडवायचो, आणि कोण जिंकलं हे कधीच ठरत नसे. आजीची या बल्बची गोष्ट वेगळी होती. ११ डिसेंबर १९६७ ला कोयनेचा भूकंप झाला तेव्हा ती पहाटे पाणी तापवायला उठली होती. तिनं आधी जमीन हललेली पाहिली नाही, जिन्यातला बल्ब हलताना पाहिला. कोण बटणाशी खेळतंय म्हणून ती ओरडणार होती. त्या भूकंपात जिन्याच्या भिंतीला तडा गेला, तिथली पट्टी निखळली आणि कुणीतरी ती चार चुका मारून परत बसवली. पितळी स्क्रूंच्या रांगेतल्या त्या चार गंजक्या चुका अजून तशाच होत्या.

वाटणी झाली तेव्हा मी आठवीत होतो. वर थोरले काका, खाली आम्ही. गणपती खाली, गौरी वर. तांब्याचा बंब खाली, मोठं पातेलं वर. आणि मीटर दोन. कुणीतरी वायरमन येऊन अर्ध्या दिवसात मेन बोर्डापाशी तारा वेगळ्या करून गेला. जिन्यातल्या बल्बाची वाटणी कागदावर नव्हती. तो आमच्या मीटरवर राहिला आणि बाबांनी त्याचा थोडा अभिमानही बाळगला. "जिन्याचा दिवा आपला," ते म्हणायचे, "चढणारे ते, उजेड आपला."

त्यानंतर एक गोष्ट सुरू झाली, तिचं कारण घरात प्रत्येकानं आपापलं शोधून काढलं होतं. काका-काकू गावाला गेले की जिन्यातला बल्ब पेटायचा नाही. बटण कितीही वेळा दाबा, नाही म्हणजे नाही. ते परत आले की पेटायचा. बाबा म्हणत, होल्डर सैल आहे, वर कुणी चाललं की फळ्या हलतात आणि पिना टेकतात. आईला हे कधीच पटलं नाही. तिच्या मते भाऊजी जाताना काहीतरी करून जात. "काहीतरी" म्हणजे काय, ते तिनं कधी सांगितलं नाही, पण ते उच्चारताना तिचा आवाज खाली यायचा. मी स्वतः एकदा बल्ब काढून दुसरीकडे लावून पाहिला होता. चांगला होता. परत होल्डरमध्ये घातला, मेला.

हरतालिकेला सकाळीच एका इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्यानं भिंतीवर तळहात ठेवला, ओल आहे म्हणाला, पट्टीवर पक्कड वाजवली आणि निदान केलं: सगळं वायरिंग काढायला लागेल. सणासुदीचं आत्ता जमणार नाही, तोवर आरसीसीबी बायपास करून देतो. "जुन्या घराला हे सोसत नाही, साहेब." हे वाक्य मी आता इतक्यांकडून ऐकलंय की पावसाळ्यात किती जुन्या घरांतल्या आरसीसीबी नुसत्या शोभेला बसलेल्या असतील याचा विचार करवत नाही. वैद्यानं नाडी लागत नाही म्हणून हातच बांधून ठेवावा तसं ते. पण खरं सांगायचं तर मीही क्षणभर हो म्हणणार होतो. घरात गणपती यायचा, पाहुणे यायचे. आईच नको म्हणाली. मिक्सरचा चिमटा तिला लागला होता.

दुसरा इलेक्ट्रिशियन, एक मुलगाच, आला तो चतुर्थीची गडबड संपल्यावर, पंचमीला दुपारी. आयटीआयला तारतंत्री केलेला, तेवीस-चोवीस वर्षांचा, पाठीवर कॉलेजची सॅक. आल्या आल्या त्यानं भिंतीला हात लावला नाही. आईला विचारलं, "आजी, नेमकं काय करता तेव्हा पडतं?" आईनं सांगितलं. "आणि बाकीचं काही लावलं तर?" नाही पडत. "मग काका, भिंतीला नावं नका ठेवू," तो मला म्हणाला. "ओलीनं पडायचं असतं तर बटण न दाबताही पडलं असतं."

पुढचा पाऊण तास मी त्याच्यामागे हिंडलो. त्यानं घरातली सगळी बटणं बंद केली, खटका वर केला, मग एकेक चालू करत गेला. देवघर, स्वयंपाकघर, माजघर, ओसरी. काही नाही. जिना. खट्ट. मग स्टुलावर चढून त्यानं जिन्यातला बल्ब काढला आणि मला बटण दाबायला सांगितलं. मी डोळे मिटून दाबलं. काही झालं नाही. म्हणजे बल्बापर्यंत येणारी वायर धड होती, वाटेत कुठे गळत नव्हती. त्यानं सॅकमधला आपला बल्ब लावला. खट्ट. "बल्ब बी चांगला, वायर बी चांगली," तो अंधारात म्हणाला, आणि त्याच्या आवाजात त्रास नव्हता, मजा होती. कोडं सुटत आलेल्या माणसाचा आवाज.

मग त्यानं मला जे समजावलं ते मी त्याच्याच पद्धतीनं सांगतो. एमसीबी बघते किती करंट गेला. जास्त गेला की पडते. आरसीसीबीला किती गेला याच्याशी देणंघेणं नाही. ती फक्त एवढंच बघते की फेजमधून जेवढा गेला तेवढाच न्यूट्रलमधून परत आला का. तीस मिलिअँपियरचा फरक पडला की ती पडते, खरं तर त्याच्या थोडी आधीच. माणसाच्या अंगातून जमिनीत गेलेला करंट परत येत नाही, म्हणून ती आपल्याला वाचवते. "आता तुमच्या जिन्यात काय होतंय बघा. करंट जातोय, बल्ब पेटवतोय, पण आपल्या घरी परत येत नाहीये. कुणाच्या तरी दुसऱ्याच्या घरी चाललाय." नऊ वॅटच्या एलईडीचा करंट तो काय, पण तीस मिलिअँपियरच्या पुढेच.

तो वर बघत होता. "वर कोण राहतं?"

चुलत भाऊ, मी म्हणालो. ते असतात का? सणाला येतात. जाताना मेन बंद करतात का? करतात, त्यांच्या वडिलांपासूनची सवय. "मग न्यूट्रल वरनं उचललाय," तो म्हणाला. दोन बटणांच्या दिव्याला फेज खालच्या बटणात येतो, तिथून दोन तारा वरच्या बटणात जातात, तिथून एक बल्बाला. न्यूट्रल वास्तविक खालून आणायचा. पण ती लांबी वाचवायला जुने लोक बल्बाच्या जवळ जो न्यूट्रल सापडेल तोच जोडून टाकत. जवळचा होता वरच्या मजल्याचा. "एक मीटर असताना कायच बिघडत नाही. घर एकच असलं की न्यूट्रल बी एकच."

खातरजमेला दोन माणसं लागणार होती, एक खाली आमच्या बोर्डापाशी, एक वर त्यांच्या मेनपाशी. दादाला हाक मारली. आम्ही वर्षातून चार दिवस भेटतो, गौरीच्या जेवणाला शेजारी बसतो, पण त्या जिन्यात एक खाली आणि एक वर असे उभे राहिलो त्याला पंचेचाळीस वर्षं सहज झाली असतील. मधे स्टुलावर तो मुलगा. "वरचा मेन बंद!" वर लोखंडी पेटीचा दांडा पडल्याचा आवाज आला. "काका, बटण!" दाबलं. बल्ब पेटला नाही आणि खटकाही पडला नाही. चाळीस वर्षांचं गूढ, आणि उलगडायला दहा सेकंद. ते गावाला जात, दांडा खाली पाडत, तो दांडा फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडतो, आणि आमच्या बल्बाची परतीची वाट बंद होई. होल्डरच्या पिना, सैल फळ्या, "काहीतरी करून जातात", सगळं त्या दांड्याच्या आवाजात निघून गेलं.

मग त्या मुलानं सीलिंग रोझचं, म्हणजे छताशी तारा जोडायच्या गोल डबीचं, झाकण फिरवून काढलं आणि बटण तसंच चालू ठेवून टेस्टर लावला. एका टर्मिनलला लावला, आतला निऑन तांबूस पेटला. दुसऱ्याला लावला, तोही पेटला. "बघा, हे दोन्हीकडे पेटतंय. टेस्टर इथं फसवतो. वरचा मेन बंद आहे, तरी वरच्या सगळ्या न्यूट्रलमध्ये आत्ता तुमचा फेज येऊन बसलाय, या बल्बातून. वर कुणी मेन बंद आहे म्हणून उघडी तार धरली, तर…" त्यानं वाक्य पुरं केलं नाही. वर दादा कठड्याला धरून उभा होता. तो माझ्याकडे बघत होता, मी त्याच्याकडे.

"कुणाला लागला होता काय?" मुलानं विचारलं.

लागला होता. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो, दिवाळीची साफसफाई चालली होती. काका वरच्या खोलीतला जुना होल्डर बदलत होते. मेन बंद करून, काकूंकडून दोनदा खात्री करून, लाकडी स्टुलावर उभे राहून. आम्हाला फक्त धप्प आवाज आला. उजवं मनगट मोडलं. वर बराच आरडाओरडा झाला आणि मग काका जिन्याच्या तोंडाशी येऊन, हात छातीशी धरून, खाली ओरडले ते मला अजून ऐकू येतं. "मेन बंद असताना तारेत करंट येतो कुठनं? खालनं सोडलाय कुणीतरी!" बाबा ओसरीत उभे होते. त्यांचा चेहरा कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखा झाला. त्या दिवशी खालचं बटण कुणीतरी दाबून चालूच ठेवलं असणार. वरचा मेन बंद, त्यामुळे बल्ब पेटला नाही, म्हणून ते चालू आहे हे कुणालाच कळलं नाही. मी असेन, आई असेल, बाबा असतील. काकांचं निदान बरोबर होतं. करंट खालूनच आला होता. पुढे ते असंही म्हणत की खालचे लोक आमच्या तारेतून वीज चोरतात, आणि हे मात्र खोटं होतं. जुना चकतीचा मीटर फेजवरचा करंट मोजतो, तेव्हा पैसे बाबांच्याच खिशातून जात होते. दोघं भाऊ नंतर एकमेकांशी बोलले ते आजीच्या तेराव्याला, आणि तेही आचाऱ्याच्या हिशेबापुरतं.

जिन्याची पट्टी उघडायचं ठरलं तेव्हा दोन्ही मेन बंद केले आणि त्या मुलानं टेस्टर, मग टेस्ट लॅम्प, दोन्हींनी खात्री करून घेतली. स्क्रूच्या खाचा रंगानं बुजलेल्या. तो एकेक खाच दाभणानं कोरत होता आणि पायरीवर पिस्त्याचे, निळीचे, गुलाबी पोपडे पडत होते. चार चुका पकडीनं उपटल्या. झाकण सुटलं तसा आतून एक वास आला. जुनं रबर, लाकूड आणि कोरडी धूळ, बंद ट्रंकेसारखा. आतल्या तारांवरचं सुताचं वेष्टन काळपट पडलेलं, लाल कुठली आणि काळी कुठली ते कळायची सोय नाही. मुलानं एक तार बोटानं जराशी वाकवली तर रबर शेवेच्या चुऱ्यासारखं खाली गळलं आणि आतलं कथलाचं पाणी दिलेलं तांबं उघडं पडलं. तडा होता बरोबर तिथे, भूकंपानंतर पट्टी बसवणाऱ्यानं एक जोड मारून ठेवला होता. तारेला तार सात-आठ पीळ देऊन, वर कापडी टेप. मुलगा तो जोड बराच वेळ बघत राहिला. "ह्यो माणूस चांगला होता," म्हणाला. "पन्नास-साठ वर्षं झाली, अजून काळा नाही पडला."

प्रश्न उरला एवढाच की आता बल्ब कुणाचा. फेज वरून घेऊन सगळा वरच्या मीटरवर टाकता येत होता, किंवा न्यूट्रल खालून ओढून सगळा आमच्या. दादा लगेच म्हणाला, माझ्यावर टाक. मी म्हणालो, तुझा मेन बंद असला की पुन्हा तेच. नऊ वॅट, रोज चार तास धरले तरी वर्षाला तेराच युनिटं. तेवढ्यासाठी आम्ही दोघं पाच मिनिटं एकमेकांना आग्रह करत राहिलो, लग्नात पाकिटावरून होतो तसा. शेवटी मुलगाच म्हणाला, "काका, मला आणखी एक काम आहे," आणि खालून नवी काळी वायर घातली. सगळी मिळून चौदा फूट. जिन्याच्या बाकीच्या ताराही बदलल्या. जुन्या न्यूट्रलचं वरचं टोक कनेक्टरमध्ये घालून, टेप गुंडाळून, वरच्या लाकडी गोल ब्लॉकमध्ये ढकलून दिलं. दादानं विचारलं, काढून टाकायची का ती? त्यासाठी वरची सगळी पट्टी उघडावी लागली असती. राहू दे म्हणाला.

रात्री आईला सगळं सांगितलं. ती निवडलेल्या भाजीच्या काड्या गोळा करत ऐकत होती. बल्ब का पेटत नव्हता, भाऊजींना झटका कसा बसला, आरसीसीबी का पडली. मला वाटलं तिला समजणार नाही, मी हातानं हवेत तारा काढून दाखवत होतो. तिला सगळं समजलं होतं. बऱ्याच वेळानं म्हणाली, "ते स्टुलावरून पडले तेव्हा मी शिरा करून वर नेला होता. झाकण न उघडता परत पाठवला." मग थोडं थांबून, "डबा अजून आहे."

गौरी गेल्या, गणपती गेला. दुसऱ्या दिवशी दादा-वहिनी निघाले. या वेळी तो पाया पडायला आत आला, एरवी ओसरीतूनच पडतो. जाताना वर लोखंडी दांडा पडला, खट्ट, मग कुलूप, मग बॅगेची चाकं एकेक पायरी उतरत आली. गाडी वळली. संध्याकाळी दिवेलागणीला आई देवापुढची निरांजन ठेवून ओसरीत आली आणि भिंतीशी चाचपडत तिनं जिन्याचं बटण दाबलं. बल्ब पेटला. आरसीसीबी जागच्या जागी. ती मान वर करून बघत उभी राहिली. उजेड पायऱ्यापायऱ्यांनी वर जात होता, कुलपापर्यंत. मी म्हणालो, बघ, ते नसतानाही लागतो आता.

"मालव मग," आई म्हणाली. "वर कोण आहे?"